फाटक बंद आहे

फाटक बंद होऊन चार मिनिटंही झाली नव्हती, तोवर पहिल्या मोटारवाल्याने हॉर्न वाजवून आपलं मत मांडलं. मावशींनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. हॉर्नला उत्तर देण्याची तरतूद नियमावलीत नव्हती. त्यांनी दांडा खाली आणणाऱ्या चक्राला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली, लाल झेंडा उलगडला आणि रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मावशींचं वय एकाहत्तर. अंगात खाकी कोट. तो जुनी रेल्वे पुन्हा चालू करू पाहणाऱ्या मंडळींपैकीच एका शिंप्याने शिवला होता आणि बाह्या चार बोटं लांब ठेवल्या होत्या, जणू मावशी अजून वाढणार आहेत.

"ओ आजी, गाडी कुठंय?" मोटारवाल्याने काच खाली करून विचारलं.

"येतेय."

"दिसत तर नाही."

"दिसायला लागल्यावर बंद करायचं नसतं. आधी बंद करायचं असतं."

याच फाटकावर मावशींनी बावीस वर्षं नोकरी केली होती. मग मार्गच बंद झाला आणि त्यांना दीड ओळीचं पत्र आलं, 'आपले फाटक रद्द करण्यात आले आहे.' माणसाला काढून टाकतात हे त्यांना ठाऊक होतं, पण फाटक रद्द होतं म्हणजे नेमकं काय होतं हे त्यांना कधीच कळलं नाही. फाटक तर तिथेच होतं. पुढची वीस वर्षं ते तिथेच गंजत राहिलं, आणि लोक त्या जागेला 'जिथे डिकीतली अंडी फुटतात तो उंचवटा' म्हणून ओळखायला लागले.

मग मंडळी आली. जुना मार्ग पुन्हा चालू करायचा म्हणून दर रविवारी फावडी-कुदळी घेऊन येणारी ही माणसं. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, आणि आता जा म्हणून सांगितलं तरी ती जात नव्हती. पुढारी होते दातांचे डॉक्टर. ते प्रत्येक रूळ बोटाने दाबून हलतोय का ते बघत. 'दुखतंय का' एवढंच विचारायचं बाकी ठेवत. स्टेशनमास्तर होत्या भूगोलाच्या निवृत्त बाई, कारण नकाशे त्यांच्याकडेच होते. सहा वर्षांत या लोकांनी झुडपं तोडली, रुळांखालचे स्लीपर बदलले, स्टेशनातून उंदीर घालवले आणि शेवटी फाटकाचा नवा दांडा बसवला. त्या दिवशी मावशी भाजीची पिशवी घेऊन तिथून चालल्या होत्या. त्या दोन मिनिटं थांबल्या आणि म्हणाल्या, "वजन उलट्या टोकाला लावलंय. उघडायला गेलात तर डॉक्टरच वर जातील."

पुढच्या रविवारी त्यांना कोटाचं माप विचारण्यात आलं.

आज मात्र कोटाचं कौतुक करायला कोणाला सवड नव्हती. रस्ते खात्याला रूळ उखडून तिथे डांबर घालायचं होतं. मंडळींनी सहा वर्षं अर्ज करकरून त्यांना अडवलं होतं आणि शेवटी ठरलं ते असं. तपासनीस येईल, रुळांवरून गाडी जाईल, फाटक नियमावलीप्रमाणे चाललं तर मार्ग राहील. एक नियम जरी मोडला तरी सोमवारपासून डांबर. डांबराची पिंपं रस्त्याच्या कडेला येऊनही थांबली होती, वेळेआधी येऊन दिवाणखान्यात बसलेल्या पाहुण्यांसारखी.

तपासनीस एका पिंपावर वही ठेवून उभा होता. हा माणूस सकाळपासून 'हं' याखेरीज काही बोलला नव्हता.

अडचण इंजिनाची होती. शुक्रवारी त्याची एक नळी गळायला लागली. डॉक्टर म्हणाले, रूट कॅनल करावं लागेल, महिना जाईल. मग बाईंनी नियमावली उघडली. तीत 'रुळांवर चालणारे वाहन' एवढंच लिहिलं होतं. तेव्हा आज इंजिनाच्या जागी रूळ तपासायची ट्रॉली येणार होती. चार लोखंडी चाकं, वर फळ्या, फळ्यांवर वाळूची पोती, आणि ढकलायला सहा माणसं. सहा जणांच्या वयांची बेरीज चारशे एकोणीस. स्टेशन दीड किलोमीटरवर. गाडी सुटली की फाटक बंद करायचं, हा नियम. गाडी दुपारच्या जेवणाआधी पोचली पाहिजे, असा कुठे नियम नव्हता.

दहाव्या मिनिटाला रांग कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेली. बाराव्या मिनिटाला तिच्यातून एक स्कूटर वाट काढत दांड्याशी आली. स्कूटरवर मावशींची सून होती. पायाशी बर्फाचा डबा. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि सकाळी घरोघर जाऊन रक्त गोळा करून आणायची.

"आई, उघडा जरा. एक स्कूटर जाईल एवढंच."

"दांडा एक स्कूटरएवढा उघडत नाही. उघडतो तो सगळा उघडतो."

"अहो, अठरा लोकांचं रक्त आहे यात!"

"आणि या रांगेतल्या लोकांचं काय, सरबत आहे?"

रांगेत कोणीतरी हसलं. सुनेला ते आवडलं नाही. "घरी या, मग बघते," ती म्हणाली. सासूला असं म्हणणारी सून त्या रस्त्यावर तरी कोणी ऐकली नव्हती, त्यामुळे हॉर्न क्षणभर थांबले.

"येईन ना. पाटी बघून येईन."

कसली पाटी, हे तेव्हा कोणाला कळलं नाही.

पंचविसाव्या मिनिटाला ट्रॉली आली. आधी वळणावर डॉक्टरांची टोपी दिसली, मग पोती, मग बाकीचे पाच जण. एकाचा बूट सैल झाला होता, पण गाडी चालू असताना वाकायचं नाही म्हणून तो तसाच फटक फटक करत चालत होता. मावशी वळल्या आणि त्यांनी हिरवा झेंडा धरला. हात सरळ, कोपर न वाकवता. सव्वीस वर्षांत त्या हाताने झेंडा धरला नव्हता, पण हात विसरला नव्हता. रांगेतल्या लोकांना आपण चिडलोय याचा विसर पडला. कोणीतरी टाळी वाजवली. ट्रॉली खडखडत फाटक ओलांडून गेली, डॉक्टरांनी सॅल्यूट ठोकला आणि पन्नास पावलांवर जाऊन सगळे पोत्यांवर कोसळले.

मोटारींनी इंजिनं सुरू केली. मावशी ट्रॉलीच्या पाठीकडे बघत होत्या. त्यांनी झेंडा गुंडाळला. किल्लीला मात्र हात लावला नाही.

"उघडा की आता!"

"गाडी गेली नाही अजून."

"अहो, गेली! ती काय तिकडे! ते काय लोळतायत!"

"पुढचा भाग गेला," मावशी म्हणाल्या. "मागे अजून काही आहे की नाही ते मला माहीत नाही. शेवटच्या डब्याला लाल पाटी असते. पाटी दिसली की समजायचं गाडी संपली. मला पाटी दिसली नाही."

डॉक्टर धापा टाकत परत आले. "मावशी, आम्ही सगळे इथेच आहोत. मोजा हवं तर. सहा."

"माणसं मोजायची नसतात डॉक्टर. पाटी कुठंय?"

डॉक्टरांचा चेहरा स्वतःच्याच खुर्चीत बसलेल्या पेशंटसारखा झाला. "स्टेशनात. भिंतीला टेकवून ठेवलीय. रंग ओला होता."

"परवा लावला होता ना रंग?"

"तो लाल चुकीचा होता. जुन्या पाटीचा कपचा सापडला, त्याच्याशी जुळेना. म्हणून पहाटे परत लावला." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आता मात्र अगदी जुळलाय हो."

सहा वर्षं ज्यांनी एकेक खिळा अस्सल असावा म्हणून भंगारवाल्यांची दारं झिजवली, त्या माणसांनी हीच चूक करायची होती. पाटी विसरली नव्हती. तिचा लाल रंग बिघडू नये म्हणून तिला सांभाळून मागे ठेवलं होतं.

"मावशी," डॉक्टर आता कुजबुजत होते, "साहेब बघतायत. रांग पार चौकापर्यंत गेलीय. रस्तेवाल्यांना हेच हवंय. फाटकामुळे वाहतूक तुंबते असं लिहून घेतील. उघडा ना. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना."

आणि त्या झोपडीवजा खोलीत गेल्या. तिथे मंडळींनी दुरुस्त केलेला जुना टेलिफोन होता. मावशींनी दांडी फिरवली. दार उघडंच होतं, त्यामुळे निम्म्या रांगेला ऐकू आलं.

"बाई, गाडीला पाटी नव्हती. मागचा मार्ग मोकळा आहे का?"

"मोकळाच की गं," भूगोलाच्या बाईंचा आवाज खरखरला. "सव्वीस वर्षं मोकळा आहे."

"बघून सांगा."

"मला इथून वळणापर्यंतच दिसतं."

"मग वळणापलीकडे जाऊन बघा. आणि येताना पाटी आणा."

 बाईंचा डावा गुडघा गेली चार वर्षं संपावर होता. "दीड किलोमीटर आहे," बाई म्हणाल्या.

"मला माहीत आहे. मी रोज चालत होते."

मावशी बाहेर आल्या तेव्हा रांगेचा जमाव झाला होता. बसचा ड्रायव्हर उतरून आला होता, एक फ्रीज घेऊन निघालेला टेम्पोवाला आला होता, आणि काही लोक तर ज्यांना कुठेच जायचं नव्हतं तेही आले होते. "म्हातारी चळलीय," एक जण म्हणाला. "दांडा उचला रे, चार जण लागा," दुसरा म्हणाला. चौघं पुढेही झाले. मावशी दांड्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी लांब बाह्यांतले दोन्ही हात त्यावर ठेवले.

"उचला," त्या म्हणाल्या. "माझ्यासकट उचलावं लागेल. वजन पंचेचाळीस किलो आहे, कोट धरून सत्तेचाळीस."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. उचलता आलं असतं. पण पंचेचाळीस किलोंची आजी हवेत लटकतेय हे दृश्य घरी कसं सांगायचं, हे कोणालाच सुचेना.

सून पुढे आली. आता ती ओरडत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. "आई, हसं होतंय हो तुमचं. मागे काही नाहीये. या मार्गावर दुसरी गाडीच नाही! सगळ्या जगाला माहीत आहे."

"तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं," मावशी म्हणाल्या.

"तेव्हा म्हणजे?"

"तू या घरात यायच्या आधी. मालगाडी गेली, पाटी दिसली नाही. मी उघडलं नाही. अशीच रांग. असंच 'म्हातारी' म्हणाले, आणि मी बत्तीस वर्षांची होते. नऊ मिनिटं शिव्या खाल्ल्या. दहाव्या मिनिटाला अकरा डबे आले. चढावर सुटलेले. इंजिन नाही, शिट्टी नाही, आवाजसुद्धा नाही फारसा. पत्ता शोधत आल्यासारखे आले आणि इथून गेले. ती बस उभी आहे ना, मी उघडलं असतं तर ती जिथे असती, तिथून."

बसचा ड्रायव्हर नकळत मागे बघू लागला.

"मग?" सुनेने विचारलं.

"मग काय. मी उघडलं. लोक गेले. रोजनिशीत रकाना होता, 'घडलेली घटना'. साहेबांनी लिहिलं, काही नाही. बरोबरच होतं. काहीच घडलं नव्हतं. बावीस वर्षं माझ्या फाटकावर काहीच घडलं नाही. तेच माझं काम होतं."

 मावशींनी सुनेच्या डब्याकडे हनुवटीने खूण केली.

"यातल्या एखाद्या बाटलीवर नावाची चिठ्ठी नसली तर काय करतेस?"

"परत पाठवते. घेतच नाही."

"आणि पेशंट समोर उभा राहून म्हणाला, माझंच रक्त आहे, आत्ताच काढलंय, सगळ्यांना माहीत आहे?"

सुनेने डब्याच्या झाकणावर हात ठेवला. गेल्या महिन्यात नेमकं हेच झालं होतं. माणूस चांगला वजनदार होता आणि टेबलावर हात आपटत होता. तिने बाटली घेतली नव्हती. घरी आल्यावर तिने ही गोष्ट सांगितली, तेव्हा नवरा 'एवढं काय अडलं होतं' म्हणाला होता. सासू काही म्हणाली नव्हती. फक्त जेवताना तिला आधी वाढलं होतं.

तिने स्कूटर स्टँडवर लावली, डबा उचलून औषधांच्या दुकानात नेला आणि फ्रीज मोकळा करून घेतला. परत आली ती दांड्यापाशीच, पण जमावाकडे तोंड करून.

"हॉर्न बंद!" ती ओरडली. रक्त काढताना घाबरणाऱ्या पैलवानांना दटावायचा तिचा आवाज होता. "तुम्ही, टेम्पो, इंजिन बंद करा. बस, एक फूट मागे. आणि ते 'म्हातारी' कोण म्हणालं? पुढे या जरा."

पुढे कोणी आलं नाही. हॉर्न मात्र बंद झाले.

बाईंना यायला चाळीस मिनिटं लागली. दोन्ही हातांत पाटी अंगापासून लांब धरून, स्लीपरवरून एकेक पाऊल टाकत त्या आल्या. तळवे लाल, नाकावर लाल ठिपका. फाटकापाशी थांबून त्यांनी श्वास घेतला आणि वर्गात नद्या सांगाव्यात तसं सांगितलं, "स्टेशन ते फाटक, मार्ग मोकळा. डबा नाही, माणूस नाही. एक कुत्रं बसलं होतं, त्याला उठवलं. पाटी ही. हात लावू नका, ओली आहे."

मावशींनी पाटी नीट बघितली. पुढून, मग मागून. मग किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि चक्र फिरवायला लागल्या. दांडा वर जायला त्याला जेवढा लागायचा तेवढाच वेळ लागला.

रांग ओसरल्यावर तपासनीस वही घेऊन आला. "एक तास नऊ मिनिटं," तो म्हणाला. मंडळी मान खाली घालून उभी होती. "फाटक जास्तीत जास्त किती वेळ बंद ठेवावं, काय लिहिलंय नियमात?"

"नियमात वेळ नाही साहेब. नियमात पाटी आहे."

"हं," तपासनीस म्हणाला. मग त्याने दिवसातलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं. "मी एकोणीस वर्षं फाटकं तपासतोय, आणि आजवर बघितलेलं प्रत्येक फाटक तिसऱ्या हॉर्नला उघडलं."

त्याने वहीत मंजूर लिहून सही केली. डॉक्टर त्याला मिठी मारायला धावले, पण तपासनीस बाजूला झाला आणि ती मिठी डांबराच्या पिंपाला बसली.

"पण एक आहे," तपासनीस म्हणाला. बघत होता तो वहीत. "फाटकवाल्याचं वय पासष्टच्या आत हवं. हे मला बदलता येत नाही."

 मावशींनी कोटाची डावी बाही दुमडली, मग उजवी.

"नवा माणूस लायक आहे हे कोण ठरवतं?" त्यांनी विचारलं.

"दहा वर्षांचा अनुभव असलेला फाटकवाला. तो लेखी देईल."

"असे किती आहेत?"

तपासनीसाने आठवून बघितलं. "तुम्हीच."

"आणि मी लेखी देईपर्यंत फाटक कोणी बघायचं?"

तपासनीसाने वहीचं पान उलटलं. "तात्पुरती व्यवस्था," तो म्हणाला आणि तेही लिहिलं. ते लिहिताना तो हसला असावा, पण पुरावा नाही.

तात्पुरती व्यवस्था पाच महिने चालली. दर रविवारी मावशी परीक्षा घेत आणि दर रविवारी कोणीतरी नापास होई. परीक्षा एकच होती. फाटक बंद झालं की मावशी रस्त्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहात आणि उघड म्हणून विनवत. डॉक्टर पहिल्याच झटक्यात गेले. मावशींनी पोट धरून "कळ आलीय हो" म्हटल्यावर ते किल्ली घेऊन धावले. "दातांचे ना तुम्ही? पोटाशी तुमचा काय संबंध?" असं त्यांना ऐकावं लागलं. बाईंनी उघडलं नाही, पण रांगेत त्यांचा जुना विद्यार्थी निघाला, त्याला त्या वाऱ्यांच्या दिशा विचारत बसल्या आणि झेंडा धरायचाच राहिला. शिंप्याने उघडलं तर नाहीच, वर मावशींच्या कोटाचं माप पुन्हा घेऊ लागला.

मग एका रविवारी सुट्टी असूनही सून सकाळी लवकर उठली आणि म्हणाली, "आई, मी देते परीक्षा."

आता इंजिनाची नळी दुरुस्त झाली होती. दोन डब्यांची खरी गाडी यायची होती. सुनेने फाटक बंद केलं, कुलूप घातलं, झेंडा घेतला. मावशी दांड्याखालून वाकून रस्त्यावर आल्या. तिथे आठ-दहा वाहनं उभी होती.

"उघड गं, घाई आहे," त्यांनी सुरुवात केली.

सुनेने ऐकलं नसावं.

"पोटात कळ आलीय."

"औषधांचं दुकान तुमच्याच बाजूला आहे."

"अगं, गाडीचा पत्ता नाही अजून. सगळ्यांना माहीत आहे."

सून वळणाकडे बघत होती. मावशींनी शेवटचं ठेवलं होतं ते बाहेर काढलं. घरात इतक्या वर्षांत एकदाही वापरला नव्हता तो आवाज लावला. "मी सासू आहे तुझी. मी सांगतेय, उघड!"

"मागे व्हा, आई," सून वळून न बघता म्हणाली. "दांड्यापासून दोन पावलं."

वळणापलीकडे शिट्टी झाली. शेजारी सायकल धरून उभा असलेला माणूस वैतागून मावशींकडे झुकला. "काय बाई आहे! तुम्ही सांगा की जरा तिला. ओळखीची दिसते तुमच्या."

"माझं ऐकत नाही ती," मावशी म्हणाल्या आणि दोन पावलं मागे सरकून रांगेत उभ्या राहिल्या.